शिश्नाची पुढची कातडी मागे अडकून तीन दिवस तशीच राहिली. आता डॉक्टरांनी सोडवली, पण झालेली इजा कायमची राहील का?

बहुतेकदा नाही. कातडी जागेवर आली की सूज काही दिवसांत उतरते आणि वरवरच्या जखमा दोन-तीन आठवड्यांत भरतात. बधिरपणा मात्र कधी कधी काही महिने रेंगाळतो, धीर धरा. रक्तपुरवठा तुटून काळा पडलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही, तो बहुधा सर्जनला काढावा लागतो.

खरी काळजी व्रणाची. कातडीच्या टोकाशी पांढरट, कडक कडं तयार झालं तर ती पुन्हा अडकते. म्हणून सूज पूर्ण उतरल्यावर युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारांचे डॉक्टर) बहुधा सुंतेची शस्त्रक्रिया सुचवतात. कृपा करून लाजेपोटी टाळू नका. रक्तातली साखरही तपासा, मधुमेहात जखम चिघळते. लघवीची धार बारीक झाली, पू किंवा काळेपणा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.