कौलातलं ऊन आणि फिल्मचा पोत

प्रश्न : घरातच लघुपट करतोय. काचेच्या कौलातून पडणारा कवडसा हवा आहे. पण चेहरा नीट दिसला की कवडसा पांढराफटक, आणि कवडसा सांभाळला की चेहरा काळा. नंतर उजळून वर ग्रेन (फिल्मसारखा दाणेदार पोत) टाकलं तर धूळ बसल्यासारखं दिसतं. कॅमेरा सोनीचा, ८-बिट, प्रोफाइल एस-लॉग३ (नंतर रंग सुधारायला सोयीचं, फिकट चित्र टिपणारी सेटिंग).
— एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : आधी एस-लॉग३ सोडा. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. त्यातल्या थोड्याच अंधाराच्या वाट्याला येतात. तो भाग ओढून वर आणला की नॉइज (नको असलेले कण) उठतो आणि चुन्याच्या भिंतीवर पट्टे पडतात. सिने४ (सोनीचंच दुसरं प्रोफाइल) वापरा, झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी खूण) १००+ ठेवा आणि कवडशावरचा झेब्रा जेमतेम जाईल इतकंच एक्स्पोजर द्या.

चेहऱ्याचा प्रश्न कॅमेऱ्यात सुटत नाही, खोलीत सुटतो. नटाला कवडशाबाहेर हातभर अंतरावर बसवा. पांढरं धोतर कवडशातच, पण फ्रेमबाहेर, छातीच्या उंचीवर तिरकं धरा. जमिनीवर अंथरलं तर खालून उजेड येऊन भुताचा सिनेमा होतो! दुसऱ्या बाजूला काळी घोंगडी टांगा, नाहीतर भिंतीचा परावर्तित उजेड सावली धुऊन टाकतो. दोन्ही गालांत तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे आठास एक, फरक पुरे. शूटिंग सकाळी नऊ-दहाला करा. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, कवडसा उभा पडतो. तो सरकतही राहतो, म्हणून लांबचे शॉट आधी उरका. झोत दिसायला हवा असेल तर थोडा धूप जाळा आणि दारं लावून घ्या.

ग्रेन ग्रेडिंगनंतर (रंग-उजेड जुळवून झाल्यावर), अगदी शेवटी. मधल्या टोनमध्ये जास्त, पांढऱ्यात जवळजवळ नाही. हॅलेशनची, म्हणजे फिल्मवर उजळ भागाभोवती पसरणारी, तांबूस कड फक्त कवडशाच्या काठाला. रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमधला कोडॅक २३८३ लट (फिल्मसारखे रंग देणारा तयार तक्ता) थेट लावू नका. त्याला सिनिऑन लॉग (फिल्म स्कॅनसाठीची उजेडाची मांडणी, म्हणजे गामा) लागतो. आधी रिझॉल्व्हमधल्याच कलर स्पेस ट्रान्सफॉर्म इफेक्टने गामा बदला, मग लट.

प्रश्न : भर उन्हात शेतात एफ/२.८ (भिंगाचं छिद्र बरंच उघडं) ठेवला तर शटर फार वर न्यावं लागतं आणि चालणारी माणसं झटके देत दिसतात. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची पातळी) ८००च्या खाली जाता येत नाही.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : २५ फ्रेमला शटर १/५०च हवं. आयएसओ ८०० आणि कडक ऊन म्हणजे एफ/६४ इतका उजेड, तिथून एफ/२.८ पर्यंत नऊ स्टॉप, अर्थात एनडी (भिंगावर लावायचं, उजेड कमी करणारं काळपट फिल्टर) २.७. व्हेरिएबल (फिरवून गडद करायचं) एनडी टोकापर्यंत फिरवलं तर फ्रेमवर काळी फुली उमटते, म्हणून सहा स्टॉपचं पक्कं एनडी लावून उरलेले तीन व्हेरिएबलवर घ्या. पक्कं एनडी आयआर-कटवालं (अवरक्त किरणही अडवणारं) पाहून घ्या. साध्यावर काळी कापडं तपकिरी-लाल येतात आणि ग्रेडिंगमध्ये ती नीट काळी होत नाहीत.