अपेक्षा न ठेवता सिनेमा बघायला कसं जायचं?

ट्रेलर बघून, चार रिव्ह्यू वाचून जातो, तरी बाहेर पडताना चिडचिड होते; मग अपेक्षाच ठेवू नये का, असं तुम्ही विचारलंय. मला ते पटत नाही. तिकिटाला पैसे मोजल्यावर कोरं मन घेऊन बसणं कुणालाच जमत नाही. अपेक्षा जरूर ठेवा, पण समोरचा सिनेमा कुठल्या बाजाचा आहे ते आधी विचारून घ्या.

२०१५ साली 'कोर्ट' लागला, त्याचंच बघा. चैतन्य ताम्हाणेंचा पहिलाच चित्रपट, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवलेला, वर राष्ट्रीय पुरस्कारातलं सुवर्णकमळ. आणि नावच 'कोर्ट'! हिंदी सिनेमाने आपल्याला टेबलावर मूठ आपटणाऱ्या वकिलाची सवय लावलेली. इथे सरकारी वकीलबाई कलमं एकसुरात वाचून दाखवतात, पुढची तारीख पडते आणि कॅमेरा त्यांच्यासोबत लोकलने घरी जातो, त्यांचा स्वयंपाक बघत बसतो. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. आता संपला म्हणून उठावं, तर पुढे न्यायाधीशसाहेबांची सहल सुरू! निकालाची वाट बघत बसलेल्याला हे फसवल्यासारखं वाटणारच. पण खटल्यात अडकलेल्या एका लोकशाहिराचं आयुष्य पणाला लागलंय आणि बाकी सगळ्यांसाठी ते फक्त रोजचं काम आहे, हे बघायला बसलात तर ती सुट्टी अंगावर येते. माझ्या मते मराठीतल्या सर्वोत्तम शेवटांपैकी तो एक आहे.

'सैराट'चं वेगळं झालं. गाणी महिनाभर कानावर पडून गर्दी नाचायच्या तयारीने गेली आणि शेवटाला थिएटर गप्प झालं. तिथे अपेक्षा मोडणं हेच दिग्दर्शकाला हवं होतं. म्हणून सगळंच आधी माहीत करून घेऊ नका. कथा तर अजिबात नको.

ट्रेलरवर फार विसंबू नका. दोन-अडीच मिनिटांत गर्दी खेचायची म्हणून संथ सिनेमाही त्यात धावताना दिसतो. त्यापेक्षा दिग्दर्शकाचं आधीचं काम आठवा, लांबी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा ('सैराट' जवळपास तीन तासांचा आहे, हे कळलं तरी मनाची तयारी होते). बघून आलेल्या मित्राला "कसा आहे?" विचारलंत तर "भारी" किंवा "बकवास" एवढंच कळेल. "वेग कसा आहे? गाणी आहेत का? हसवतो की अस्वस्थ करतो?" असं विचारा. कोटींचे आकडे आणि तारे तर सोडूनच द्या, त्यातून आपल्या आवडीचं काही कळत नाही.

चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग एवढा खर्च झाला की सिनेमाने तो वसूल करून द्यावा असं वाटतं, आणि ते चुकीचंही नाही. म्हणून आईबाबांना नेणार असाल तर घरूनच सांगून ठेवा : संथ आहे, गाणी नाहीत, शेवट गोड नाही. नको म्हणाले तर त्यांच्यासोबत दुसरा बघा आणि हा एकट्याने सकाळच्या शोला गाठा. मात्र पहिल्याच आठवड्यात जा, असे सिनेमे पडद्यावरून लवकर उतरतात.