मधल्या सुट्टीत फोन बंद करू नका

(सोलापूरच्या एका आईचं पत्र आहे. सहावीतला मुलगा रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारांमुळे घरीच असतो. वर्गशिक्षक स्वतःच्या फोनवरून रोज व्हिडिओ कॉल लावून देतात, पण मुलगा थोड्याच वेळात फोन पालथा घालतो. ‘अभ्यासात मागे पडेल, त्याला कसं समजावू?’ असं त्या विचारतात.)

ताई,

गणित, विज्ञान, वार्षिक परीक्षा, शेजारच्या मुलाचे मार्क, सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. आणि सहीच्या वर, जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ: ‘मधली सुट्टी झाली की मीच फोन बंद करते. पोरं गड्ड्याच्या जत्रेच्या गोष्टी काढतात, त्याला उगाच वाईट वाटतं.’

अहो, मग तो तासाला तरी कशाला बसेल?

धडे काय, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की रात्री दहालाही मिळतात. ती वाट आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी दाखवली. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ पुरस्कार त्यांना मिळाला. पण शेंगाचटणीचा डबा कुणी पळवला, कोण कुणाशी कट्टी आहे, हे त्याला कोण सांगणार?

पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीत जायचं नाही, हे खरंच. होम मैदानावरची ती जत्रा यंदा चुकली. म्हणून गड्ड्याचं नावही कानावर पडू द्यायचं नाही? वाईट वाटेल, वाटू दे. रडेलही. मग उंच पाळण्यात कोण घाबरलं, हे तोच खोदून खोदून विचारेल.

केस गेलेत म्हणून लाजत असेल, तर त्याच्या बाजूचा कॅमेरा बंद ठेवा. नॉर्वेतल्या एका कंपनीने अशा मुलांसाठी ‘एव्ही-वन’ नावाचा छोटा रोबो केलाय. तो वर्गात बाकावर बसतो. मुलाला घरून वर्ग दिसतो, त्याचं बोलणं वर्गाला ऐकू जातं, चेहरा मात्र कुणाला दिसत नाही. तुम्हाला रोबो नको, सरांचा फोन पुरे.

उद्याच सरांना सांगा, सुट्टीत फोन त्याच्या बाकावरच्या मित्राच्या हातात द्या. तुम्ही इकडे चार्जर लावा आणि खोलीबाहेर या. बाहेर म्हणजे स्वयंपाकघरात, दाराआड नव्हे! आठवडाभर अभ्यासाचं नाव काढू नका. गणिताचा तास बुडला तर बुडू दे, सुट्टी बुडवायची नाही.