पोराबाळांचं नाटक आणि आम्ही दोघंच

प्रश्न : नमस्कार ताई, तुमचं सदर मी कॉलेजात असल्यापासून वाचते, आता लग्न होऊन लेस्टरला आलेय त्याला ४ वर्षं झाली. पुढच्या महिन्यात नवऱ्याचा वाढदिवस आहे आणि शनिवार-रविवार लंडनला जाऊन त्याला लायन किंगचं म्युझिकल दाखवायचं असं मी ठरवलंय, कारण लहानपणी त्याने त्या सिनेमाची व्हीसीडी इतक्यांदा बघितलीये की सासूबाईंना अजून सगळे सीन पाठ आहेत. पण इथल्या मैत्रिणी म्हणतात अगं तो फॅमिली शो आहे, सगळी पोरंटोरं असतात, तुम्हाला अजून मूलबाळ नाही तर दोघंच जाऊन काय करणार. खरं सांगू का, ते मनाला लागलं. शिवाय गेल्या वर्षी आम्ही एका वेबसाइटवरून दुसऱ्या एका शोची तिकिटं काढली होती ती नेमकी खांबाआडची निघाली, अर्धं स्टेज दिसलंच नाही, आणि पैसे मात्र भरपूर गेले. तर जावं का, कुठे बसावं, दोन दिवस कसे बसवावेत, सगळं सांगा. – लेस्टरहून एक वाचक

उत्तर : जा. नक्की जा आणि दोघंच जा. मैत्रिणींच्या बोलण्याचं आधी बघू, कारण तिकीट वगैरे काय, ते निघेल, पण मनात ही टोचणी घेऊन तिथे बसलात तर सगळ्याचाच विचका होईल.

सगळ्या घराने मिळून बघायचं नाटक म्हणजे लहान मुलांचं नाटक, हे कोणी ठरवलं मला कळत नाही. आपल्याकडे ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं, मग दोन वर्षांत सौभद्र आलं, आणि सौभद्र आहे तरी काय, तर सुभद्रेचं लग्न तिच्या मनासारखं कसं लागतं त्याची गोष्ट. आमच्या गावात संगीत नाटक लागलं की आजीच्या मांडीवर नातवंडं झोपलेली असायची, पुढे म्हातारे माना डोलवत बसायचे आणि मध्येच कुठेतरी नवीन लग्न झालेलं जोडपंही असायचं, त्यांना कोणी विचारत नव्हतं की तुमचं मूल कुठाय. ज्याच्या त्याच्या वयाचं जे असेल ते ज्याला त्याला मिळायचं. लायन किंग अगदी तसलंच आहे. सहा वर्षांच्या पोराला त्यात हत्ती दिसतो. तुमच्या नवऱ्याला बाप दिसेल. आणि तुम्हाला कदाचित तुमच्या नवऱ्याचं लहानपण दिसेल, जे तुम्ही कधी बघितलेलं नाही.

आता त्या शोबद्दल थोडं सांगते, कारण सिनेमा पाठ असलेल्या माणसाला वाटतं की त्यात आता नवीन काय असणार. सिनेमा १९९४ चा. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हे स्टेजवर आलं आणि ऑक्टोबर १९९९ पासून लंडनच्या लायसियम थिएटरात सुरू आहे, कोविडमध्ये सगळीच थिएटरं बंद होती तेवढा काळ सोडून. दिग्दर्शन ज्युली टेमॉर या बाईंचं, कपडेपट त्यांचाच, मुखवटे-बाहुल्यांचं काम एका साथीदाराबरोबर. १९९८ मध्ये याला ६ टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांचे मानाचे पुरस्कार, मिळाले आणि म्युझिकलच्या दिग्दर्शनाचा टोनी मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडते, त्यांनी माणसाला प्राण्याच्या आत लपवलेलंच नाहीये. मुखवटा तोंडावर नसतो, डोक्याच्या वर असतो, खाली नटाचा चेहरा उघडा, त्यामुळे सिंहही दिसतो आणि माणूसही. जिराफ म्हणजे हाताला आणि पायाला उंच काठ्या बांधून चालणारा माणूस. गवत म्हणजे डोक्यावर गवताची पाटी घेऊन सरकत येणाऱ्या बायका. सिंहांचा राजा मुफासा, त्याचा मुखवटा एवढा भारदस्त दिसतो पण कार्बन फायबरचा असल्यामुळे जेमतेम ३०० ग्रॅम भरतो. आणि राजा गेल्यावर सिंहिणी रडतात तेव्हा डोळ्यांतून पांढऱ्या फिती ओढून काढतात, बस, एवढंच, पण ते बघताना माझ्या घशाशी आवंढा आला होता आणि शेजारी आमचे हे बसले होते ते इंटरव्हल झाल्यावरही बराच वेळ काही बोलले नाहीत.

टेमॉर तरुणपणी काही वर्षं इंडोनेशियात राहिल्या होत्या, तिथे जावा-बालीत चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ असतो आणि त्यात रामायण-महाभारत चालतं. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांवर रामायण दाखवतात, त्याच जातीची ती कला. लायन किंगमध्ये सुरुवातीला एक उंदीर येतो तो आधी सावलीचाच येतो, लक्ष ठेवा. मला तो क्षण आपला वाटतो, लंडनमध्ये बसून पिंगुळी आठवते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता कुठे बसायचं. लायसियमला तीन मजले आहेत, खाली स्टॉल्स, वर रॉयल सर्कल आणि त्याच्या वर ग्रँड सर्कल. पहिल्याच गाण्याला प्राणी प्रेक्षकांच्या मधून चालत स्टेजवर जातात, हत्तीसुद्धा, आणि तो स्टॉल्समधल्या वाटेने जातो. त्यामुळे वाढदिवसाला नेताय तर माझं मत एकच, स्टॉल्समध्ये वाटेला लागून दोन खुर्च्या घ्या, भले थोडं मागे का असेना. फक्त फार मागे जाऊ नका, कारण तिथे वरच्या मजल्याचं छत पुढे आलेलं असतं आणि स्टेजचा वरचा भाग कापला जातो. तिथलं बजेट नसेल तर रॉयल सर्कलची पुढची रांग, तिथून हत्ती जवळून नाही दिसत पण अख्ख्या स्टेजवरची नक्षी दिसते, ते गवत, तो कळप अंगावर धावून येतो तो प्रवेश, त्यालाही तोड नाही. ग्रँड सर्कल स्वस्त पडतं पण चढ फार आहे आणि खालच्या वाटा तिथून दिसत नाहीत. ज्याला नाटकाची सवय आहे त्याने तिथून बघावं, पहिल्यांदा आणि वाढदिवसाला नको.

खांबाआडचा तुमचा अनुभव ऐकून वाईट वाटलं. यावेळी शोच्या अधिकृत साइटवरूनच तिकिटं काढा, कारण मधले विक्रेते वर फी लावतात आणि शेवटी आकडा भलताच होतो. खुर्ची निवडताना 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' असं लिहिलंय का ते नीट वाचा, आणि त्या नंबरच्या खुर्चीवरून लोकांनी काढलेले फोटो नेटवर सापडतात तेही बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. लंडनमधल्या लेस्टर स्क्वेअरमध्ये (तुमचं लेस्टर नव्हे) टीकेटीएसचा तिकीटविक्रीचा स्टॉल आहे, सवलतीत तिकिटं मिळतात खरी, पण ठरवून एखादाच शो बघायचा असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. तारीख थोडी हलवता आली तर शाळांच्या सुट्ट्यांचा आठवडा टाळा, गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात.

दोन दिवस कसे बसवायचे म्हणता, तर माझं ऐका, शनिवारी नाटकाशिवाय काही ठेवू नका. आपल्या लोकांची सवय अशी की लंडनला गेलो तर लंडन आय पण झालं पाहिजे, मादाम तुसाँ पण, टॉवर ब्रिज पण, आणि मग संध्याकाळी पाय सुजलेले, पोटात धड जेवण नाही आणि पहिल्या अंकात नवरा पेंगतोय. असं करू नका हो. लेस्टरहून सेंट पँक्रसला गाडीला तासाभरापेक्षा थोडंच जास्त लागतं. दोघांच्या नावाचं 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा, एकत्र प्रवास केला की भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते आणि शनिवार-रविवारी वेळेचं बंधन नसतं. गाडी ठरवण्याआधी त्या विकेंडला रुळांचं काम तर निघालेलं नाही ना तेवढं बघा, शनिवार-रविवारीच ती कामं काढतात. सेंट पँक्रसला लागूनच असलेल्या किंग्ज क्रॉसवरून ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, पिकॅडिली लाइनने तिसरं स्टेशन कॉव्हेंट गार्डन, तिथून थिएटर पायी पाच-सात मिनिटं. स्टेशनात लिफ्टची गर्दी बघून जिन्याने निघालात तर १९३ पायऱ्या आहेत, नवीन सँडल घालून असाल तर लिफ्टच्याच रांगेत थांबा. किंवा एक स्टेशन आधी हॉबर्नला उतरून चालत जा, मी तेच करते.

प्रयोग साडेसातचा असेल तर साडेपाचला जेवायला बसा. कॉव्हेंट गार्डनच्या आसपास बऱ्याच हॉटेलांत नाटकाआधीचा वेगळा मेनू असतो, त्यात पटकन वाढतात आणि स्वस्तही पडतं, फक्त टेबल आधी बुक करा. शाकाहारी असाल तर दुपारचं जेवण सोहो स्ट्रीटवर राधाकृष्ण मंदिराच्या गोविंदाजमध्ये करा. आणि सातला थिएटरच्या दारात उभे राहा. समोरचे ते खांब १८३४ चे आहेत, आणि ड्रॅक्युला लिहिणारा ब्रॅम स्टोकर याच थिएटरचा कितीतरी वर्षं व्यवस्थापक होता, हे आत जाण्याआधी नवऱ्याला सांगा. उशीर मात्र अजिबात नको. पहिलं गाणं सुरू झालं की वाटांमधून प्राणी येतात, मग उशिरा आलेल्यांना सोडत नाहीत, आणि तेवढंच हुकलं तर मग गेलात कशाला.

प्रयोग इंटरव्हल धरून अडीच तासांचा असतो. त्या रात्री लेस्टरला परत जायची घाई करू नका, लंडनला राहा, हॉटेल लांब असलं तरी चालेल पण पिकॅडिली लाइनवरचं घ्या. बाहेर पडून नदीवर वॉटर्लू ब्रिजपर्यंत चालत जा, दहा मिनिटं सुद्धा लागत नाहीत. अशा नाटकानंतर लगेच ट्यूबमध्ये कोंबून घ्यावं असं वाटत नाही, थोडं गप्प चालावंसं वाटतं. रविवारी उशिरा उठून साउथ केन्सिंग्टनला व्हीअँडए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्ये जा, तिथे रंगभूमीची वेगळी दालनं आहेत, प्रवेश फुकट, आणि तिथून त्याच लाइनने सरळ किंग्ज क्रॉसला परत.

पैसे वसूल होतील का, याचं उत्तर आकड्यात नाही देता येणार. तुम्ही त्या माणसाला त्याच्या लहानपणीची गोष्ट परत दाखवायला नेताय. मला तरी यापेक्षा चांगली वाढदिवसाची भेट सुचत नाही. घरी आल्यावर सासूबाईंना फोन लावून द्या, त्यांनाही सीन पाठ आहेत म्हणालात ना, तासभर तरी बोलतील दोघं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही रिटायर, उन्हाळ्यात मुलाकडे लंडनला जातोय. तो म्हणतो तुम्हा दोघांना लायन किंगला पाठवतो. आम्हाला हिंदी-मराठी नाटकांची आवड आहे पण इंग्रजी भराभर बोललं की समजत नाही. काय करावं? – नाशिकहून एक काका

उत्तर : काका, बिनधास्त जा. अहो त्यात सुरुवातीची जी हाक आहे ती झुलू भाषेत आहे, कुठे स्वाहिली येते, कुठे झोसा, आफ्रिकेतल्या अशा सहा भाषा आहेत त्यात, शेजारी बसलेल्या इंग्रज माणसालाही ते शब्द कळत नसतात आणि तोही तुमच्यासारखाच डोळे मोठे करून बघत असतो. जाण्याआधी मुलाकडून किंवा नातवंडांकडून गोष्ट एकदा ऐकून ठेवा. राजाला भाऊ मारतो, पोर घर सोडून पळतं, मोठं होऊन परत येतं, एवढं डोक्यात असलं की बास. एक फरक लक्षात ठेवा, सिनेमातला रफिकी म्हातारा बाबा होता, इथे ती बाई आहे आणि तिचा आवाज ऐकण्यासारखा आहे. स्टेजच्या दोन्ही बाजूंना वर ढोल-ताशेवाले बसतात, तुम्हाला तबल्या-पखवाजाचा कान असेल तर अर्धा वेळ तिकडेच बघाल. कमी ऐकू येत असेल तर काही प्रयोगांना संवाद लिहून दाखवतात, त्या तारखा साइटवर वेगळ्या दिलेल्या असतात. आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर मुलाला सांगा स्टॉल्सचीच तिकिटं काढ, आणि काढण्याआधी थिएटरला विचार की पायऱ्या किती, ही जुनी थिएटरं आहेत, वरच्या मजल्यांना चढणं फार.

प्रश्न : आमची मोठी ५ वर्षांची, धाकटा २ वर्षांचा. चौघं जाऊ का? – मिल्टन कीन्सहून

उत्तर : धाकट्याला आत घेणारच नाहीत, ३ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. ६ वर्षांपासून पुढे असं ते स्वतःच सुचवतात आणि ते बरोबर आहे, अंधार असतो, आवाज मोठा असतो, कळपाच्या प्रवेशात बाप मरतो तेव्हा लहान मुलं घाबरतात. मोठीसाठी एक वर्ष थांबा. तोवर दोन्ही मुलांना कोणाकडे तरी ठेवून तुम्ही दोघं जाऊन या, वरच्या लेस्टरच्या ताईंसारखं. दोन लहान मुलांच्या आईबापाला अडीच तास एकत्र बसून काही बघायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

प्रश्न : तिथे वन्स मोअर देतात का? आणि आत काही खायला मिळतं का, आम्हाला इंटरव्हलला बटाटेवडा लागतो. – लंडनला पहिल्यांदाच जाणारे दोघं, पुणे

उत्तर : वन्स मोअर नाही, गाणं संपलं की टाळ्या आणि पुढे. बरोबर गाऊ नका, कितीही तोंडावर आलं तरी, आणि मोबाइल बंद, फोटो नाही. बटाटेवडा नाही मिळणार. इंटरव्हलला वाटांमध्ये आइस्क्रीमचे छोटे डबे घेऊन उभे असतात, रांग लावायच्या आधी तिथूनच घ्या, चमचा झाकणाच्या आत असतो.