वाचक विचारतात : माळ हातात, मन भलतीकडे

प्रश्न : रोज सकाळी माळ घेऊन बसते. दहा मणी होत नाहीत तोच मुलीची फी, सासूबाईंची औषधं, ऑफिसातलं अर्धवट काम डोक्यात फिरू लागतं. माळ संपते, पण नाम किती घेतलं ते देवालाच ठाऊक. असा जप वाया जातो का?

उत्तर : मुळीच नाही. मन पळालंय हे लक्षात आलं आणि तुम्ही नामावर परत आलात, तोच खरा जप. गीतेच्या सहाव्या अध्यायातला २६ वा श्लोक हेच सांगतो : चंचल मन जिथे जिथे धावेल, तिथून तिथून त्याला माघारी आणावं. ते धावणार, हे तिथे धरूनच चाललेलं आहे. एका माळेत तीस वेळा परतावं लागलं तर तीस वेळा सराव झाला.

आता हाताकडे बघा. माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, तर्जनी बाजूला, आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. नाम पूर्ण उच्चारून होईपर्यंत अंगठा हलवायचा नाही. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं : जीभ मागे राहते, अंगठा पुढे पळतो आणि बोटांना सवय झाली की मन मोकळं सुटतं. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र सावकाश म्हणायला साधारण चार सेकंद लागतात, म्हणजे १०८ मण्यांना सात मिनिटं. तुमची माळ तीन मिनिटांत होत असेल तर अक्षरं गिळली जातायत. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. हा नियम फार उपयोगाचा आहे, कारण तंद्रीत असलेला माणूस त्या वळणावर हमखास जागा होतो. मधेच भरकटलात तर पहिल्या मण्यापासून सुरुवात करू नका, स्वतःला रागावूही नका. बोट ज्या मण्यावर आहे तिथूनच पुढे चला.

फी आणि औषधांचं म्हणाल, तर बसण्याआधी ती कामं कागदावर लिहून काढा. विसरून जाऊ या धास्तीने मन तीच तीच आठवण करून देत असतं. कागदावर उतरलेलं काम बरंच गप्प बसतं. आणि निदान पहिले काही आठवडे जप मोठ्याने करा. वाचिक, उपांशु म्हणजे ओठांतल्या ओठांत, आणि मानसिक असे जपाचे तीन प्रकार. मानसिक जप श्रेष्ठ म्हणतात म्हणून लोक थेट तिथेच उडी मारतात, पण काळजीने भरलेलं मन सगळ्यात लवकर निसटतं ते त्याच जपात. स्वतःचा आवाज कानावर पडत राहिला की मनाला धरायला काहीतरी मिळतं.

प्रश्न : जपाने शांत वाटतं, ही निव्वळ मनाची समजूत तर नाही?

उत्तर : शरीरातही बदल होतो. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो वा मंत्र, म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय त्याच्याशी जुळली. म्हणजे घाईघाईने म्हटलेल्या माळेतून हा लाभ मिळायचा नाही. पण सगळं श्रेय श्वासाला देणंही आम्हाला पटत नाही. आपल्या हातातलं करून झाल्यावर उरलेला भार ज्याच्यावर टाकता येतो असं कुणीतरी आहे, हा विश्वास वेगळाच विसावा देतो. तो श्वास मोजून येत नाही.

प्रश्न : रोज अकरा माळांचा संकल्प केला आणि दुसऱ्याच आठवड्यात मोडला. आता अपराधी वाटतं.

उत्तर : संकल्प मोठा होता, तुम्ही कमी पडला नाहीत. योगसूत्रात अभ्यास, म्हणजे सराव, पक्का व्हायला तीन गोष्टी सांगितल्यात : दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. आकड्याचा त्यात उल्लेखही नाही. एक माळ, एक जागा, एक वेळ, एवढंच चाळीस दिवस सांभाळा. जेवणानंतर लगेच बसू नका, झोप येते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन माळा ओढून बाकी भागवू नका. त्यातूनच घाई शिरते, आणि घाई शिरली की पुन्हा खंड पडतो.

प्रश्न : सुतकात जप थांबवावा का?

उत्तर : पूजा थांबते. नामाला सुतक नाही, असंच संतपरंपरा मानते.

प्रश्न : वडिलांच्या आजारपणात इतकी प्रार्थना केली, तरी ते गेले. आता देवापुढे उभं राहिलं की राग येतो. नाम घेणं ढोंग वाटतं.

उत्तर : राग येतोय तर तोच बोला. नामदेव, तुकोबा विठ्ठलाशी कडकडून भांडले आहेत, आणि ते अभंग आजही भक्तीचेच म्हणून गायले जातात. सध्या माळ बाजूला ठेवा. पाच मिनिटं एकटे बसा आणि मनात आहे ते आपल्या शब्दांत, आवाज काढून देवाला सांगा. रडू आलं तर येऊ द्या. उठताना एकदाच नाम घ्या. तेही नको वाटलं तर नुसता नमस्कार करा, किंवा काहीच करू नका. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसा.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, घरातल्या कुणाला तरी आजच सांगा आणि त्यांना सोबत घेऊन जा. डॉक्टरांकडे गेल्याने श्रद्धा उणी होत नाही. औषध चालू असतानाही त्या पाच मिनिटांची बैठक चालू ठेवता येते.