लोपेझ, लोपीस आणि आपण लांडगे

प्रिय सानू,

तुझा निरोप दोनदा ऐकला. आजीकडे सकाळी पाव घेऊन येणारे काका लोपीस, आणि इथे स्पेनमध्ये, बिल्बाओत वर्गात तुझ्या शेजारी बसणारी लोपेझ. मग हे नातेवाईक का? आणि दुसरा, जरा रडवेला प्रश्न: "लांडगे" म्हटलं की वसईच्या गल्लीतली पोरं तोंड वर करून ‘आऊऊ’ करतात, तर आपलं आडनाव असं कसं? फोनवर सांगायला घेतलं तर तू मधेच खेळायला पळशील, म्हणून लिहितेय. जोडाक्षरं अडली तर आजीकडून वाचून घे.

आधी त्या आऊऊचं बघू. तू नेलेला अ‍ॅथलेटिकचा, म्हणजे इथल्या फुटबॉल क्लबचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टीशर्ट काढ आणि छातीवरचं चिन्ह डोळ्याजवळ धर. पूल आहे, चर्च आहे, झाड आहे आणि दोन लांडगे आहेत. ते आले बिल्बाओच्या शहरचिन्हावरून, आणि तिथे आले हारो घराण्याकडून. त्या घराण्याच्या ढालीवर तर लांडग्यांच्या तोंडात कोकरूही असतं. १३०० साली बिल्बाओला शहराची सनद देणारा दिएगो लोपेझ दे हारो हा याच घरातला. आबान्दो स्टेशनजवळच्या चौकात उंचावर उभा आहे ना, ज्याच्या खाली आपण बाबांची वाट बघतो, तोच. लोपेझ म्हणजे ‘लोपेचा मुलगा’, आणि लोपे हे नाव आलं लॅटिन ‘लुपुस’वरून. लुपुस म्हणजे लांडगा! म्हणजे तुझी मैत्रीण आणि तू एकाच कळपातल्या. फरक इतकाच, की इथे तुझ्या आडनावाचा अर्थ कुणाला कळत नाही आणि वसईत तिच्या आडनावाचा.

तो शेवटचा ‘एझ’ म्हणजे अमक्याचं लेकरू. फर्नांडेझ फर्नांडोचा, सांचेझ सांचोचा, रॉड्रिगेझ रॉड्रिगोचा. सुरुवातीला हे आडनाव नव्हतंच मुळी. नुसतं बापाचं नाव, आणि ते दर पिढीला बदलायचं. हारोंचंच घे: लोपे दिआझ, त्याचा मुलगा दिएगो लोपेझ, त्याचा मुलगा पुन्हा लोपे दिआझ, त्याचा पुन्हा दिएगो लोपेझ. (दिआझ म्हणजे दिएगोचा.) हे वाचलं आणि मला थेट शनिवारवाडाच आठवला. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव. आजोबांचं नाव नातवाला आणि त्यापुढे वडिलांचं. त्यांचं आडनाव भट होतं, हे आजही कितीतरी जणांना परीक्षेपुरतंच माहीत असतं.

आता गंमत ऐक. पुतळ्यातला दिएगो लोपेझ हा लोपेचा मुलगा नव्हताच! त्याच्या वडिलांचं नावही दिएगो. जुन्या हिशोबाने तो दिआझ व्हायला हवा होता; त्याच्या सख्ख्या भावाला, लोपे दिआझला, ते नाव बरोबर लागलंय. म्हणजे एकाच घरात एका भावाचं नाव वाहतं आणि दुसऱ्याचं गोठलेलं. पुढे सगळ्यांचीच गोठली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आल्या, १८७० मध्ये सरकारी नोंदणीचा कायदा आला, वडिलांचं एक आणि आईचं एक अशी दोन आडनावं पक्की झाली. आज लोपेझांच्या घरात लोपे शोधून सापडायचा नाही.

आपल्याकडे ते वाहतं नाव अजून वाहतंय. तुझं मधलं नाव, संदीप! आठवतं, एका कार्यालयात तुझं कार्ड करताना त्या बाईंनी ‘सानिका’ नाव, ‘संदीप’ पहिलं आडनाव, ‘लांडगे’ दुसरं आडनाव असं लिहिलं होतं? वर्षभर बाबांना ‘श्री. संदीप’ म्हणून पत्रं येत होती आणि लांडगे हे माझं माहेर ठरलं होतं. तेव्हा मी चिडले होते. पण आठशे वर्षांपूर्वी त्या बाई अगदी बरोबर ठरल्या असत्या.

माझंच मात्र काही खरं नाही. लग्नात माझं मधलं नाव गेलं आणि पवारही गेलं, एका दिवसात दोन्ही. इथल्या बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, त्यामुळे माझा आणि बाबांचा पासपोर्ट शेजारी ठेवला की समोरचा विचारतो, भाऊ-बहीण का? इथल्या रीतीने तू सानिका लांडगे पवार झाली असतीस. २०१७ पासून कुणाचं आधी लावायचं हे आईवडील मिळून ठरवतात, म्हणजे सानिका पवार लांडगेसुद्धा चाललं असतं. मला हे दुसरं जास्त आवडतं. बाबांना सांगू नकोस.

राहिले लोपीस काका. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्यांच्याकडे ‘एझ’च्या जागी ‘एस’, म्हणून लोपेझचा लोपेस, आणि वसईच्या बोलीत लोपीस. बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुतेकदा पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. काकांचे पूर्वज वसईचेच, बोली मराठीच, तेव्हा तुझ्या मैत्रिणीशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. पण लांडगा त्यांच्याही आडनावात आहे. उद्या पाव घेताना सांग त्यांना, आणि ती आऊऊवाली पोरं जवळपास असतील असं बघ.

टीशर्ट आजीला गरम पाण्यात भिजवू देऊ नकोस, रंग जातो.

तुझी
आई