साउंड ड्रायव्हर टाकला, सेटअप पूर्ण झालं, तरी आवाज नाही

प्रश्न : नमस्कार सर, घरचा पीसी फार स्लो झाला होता म्हणून भाच्याने फॉरमॅट मारून विंडोज १० नव्याने टाकून दिलं. बाकी सगळं मस्त चालतंय पण आवाजच गायब. खाली घड्याळाशेजारी स्पीकरवर लाल फुली दिसते. मदरबोर्डाची सीडी कुठे ठेवलीये ते आठवत नाही, मग नेटवरून साउंड ड्रायव्हर म्हणून जे मिळालं ते उतरवून टाकलं, सेटअप शेवटपर्यंत जातं, रीस्टार्ट मागतं आणि रीस्टार्ट झालं की परत लाल फुली. असे कुठले कुठले ड्रायव्हर टाकून झाले. साउंड कार्ड गेलं असं समजायचं का?

उत्तर : अहो, फॉरमॅटच्या आदल्या दिवशीपर्यंत आवाज येत होता ना? मग कार्ड शाबूत आहे असंच धरून चला, फॉरमॅटने कार्ड जळत नाही. आणि आधी एक करा, आता अजून ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला वस्तू चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर) टाकणं बंद करा. सेटअप शेवटपर्यंत गेलं याचा अर्थ ड्रायव्हर बसला असा होत नाही, बऱ्याचदा ते नुसत्या फाइली कॉपी करून मोकळं होतं, आणि विंडोज त्या फाइलीतली यादी तुमच्या चिपच्या नंबरशी ताडून बघतं, नंबर जुळला तरच ड्रायव्हर जोडतं. नाही जुळला तर काही न बोलता गप्प बसतं. म्हणजे कुलूप न बघताच किल्ल्या फिरवणं चाललंय तुमचं.

तर कुलूप बघू. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे अदर डिव्हायसेस असा गट दिसतोय का आणि त्यात पिवळं उद्गारचिन्ह लावून मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर किंवा तसलंच काही बसलंय का? असेल तर आनंद माना, कारण विंडोजला वस्तू दिसतेय, फक्त ओळख पटत नाहीये. त्यावर डबल क्लिक करा, जनरल टॅबवर बहुतेक कोड २८ दिसेल, म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही. मग डिटेल्स टॅबवर जाऊन प्रॉपर्टीच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबलचक ओळ येते, बघून घाबरायला होतं पण त्यातलं कामाचं थोडंच आहे. व्हीईएन नंतरची चार अक्षरं म्हणजे कंपनी आणि डीईव्ही नंतरची चार म्हणजे नेमकी चिप. ८०८६ असेल तर इंटेल (हो, त्यांच्या त्या जुन्या प्रोसेसरचाच नंबर, मुद्दाम घेतलाय), १०ईसी म्हणजे रिअलटेक, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, ११०६ म्हणजे व्हिया.

आता खरी गोम इथे आहे. २००४ नंतरच्या एचडी ऑडिओवाल्या (ही इंटेलने आणलेली आवाजाची पद्धत) बोर्डांवर आवाजाचं काम दोन जण मिळून करतात, एक कंट्रोलर, तो चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये असतो, आणि दुसरा कोडेक, म्हणजे ती रिअलटेक वगैरे नावाची छोटी चिप. कंट्रोलर उठला नाही तर विंडोजला कोडेक दिसतच नाही, आणि कोडेक दिसत नसेल तर रिअलटेकचा सेटअप शंभरदा चालवा, त्याला पकडायलाच काही सापडत नाही. म्हणून तुमची ओळ पीसीआय ने सुरू होऊन ८०८६ दाखवत असेल तर आधी चिपसेटचा ड्रायव्हर टाका, काही नव्या इंटेल मशिनवर स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी नावाचा वेगळा ड्रायव्हरही लागतो, मग रीस्टार्ट आणि त्यानंतर साउंडचा. ओळ एचडीऑडिओ ने सुरू होत असेल तर कंट्रोलर ठीक आहे, थेट साउंडचाच टाका.

पण त्याआधी झालेला पसारा आवरा. ॲप्सच्या यादीत तुम्ही टाकलेले ऑडिओ ड्रायव्हर दिसतील ते काढा, डिव्हाइस मॅनेजरमध्येही त्या वस्तूवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल म्हणा आणि ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करण्याची चौकट दिसली तर तिच्यावर टिक करा, नाहीतर रीस्टार्टनंतर विंडोज तोच जुना उकरून काढतं. आणि हो, रीस्टार्टच करा, शट डाउन करून परत चालू नका करू, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये सिस्टीम पूर्ण बंद होतच नाही, अर्धी झोपते.

सीडी हरवल्याचं दुःख नको, तिच्यातले ड्रायव्हर तसेही जुनाट झालेले असतात. विंडोज आणि आर एकत्र दाबून रन उघडा, त्यात एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करा, बेसबोर्ड प्रॉडक्ट पुढे बोर्डाचं मॉडेल लिहिलेलं असतं, कॅबिनेट उघडायचीही गरज नाही. ते मॉडेल घेऊन बोर्डाच्या कंपनीच्याच साइटवर जा, तुमचं विंडोज ६४ बिट आहे की ३२ ते बघून उतरवा. सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं मात्र टाकू नका, माझं तरी त्यांच्याबद्दल मत वाईट आहे, ड्रायव्हर राहतो बाजूला आणि नको ते पाहुणे घरात येतात. त्यापेक्षा विंडोज अपडेटमध्ये ऑप्शनल अपडेट्स उघडून बघा, बरेचदा योग्य ड्रायव्हर तिथेच वाट बघत असतो.

अदर डिव्हायसेस मध्ये काहीच नाही आणि साउंडच्या गटातही काही नाही, असं असेल तर मात्र ड्रायव्हरचा विषयच नाही, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ऑनबोर्ड ऑडिओ बंद असेल. चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा, एचडी ऑडिओ किंवा अझालिया (त्याचंच टोपणनाव) असं नाव शोधा आणि एनेबल करा.

प्रश्न : माझ्याकडे पिवळं चिन्ह वगैरे काही नाही, रिअलटेक व्यवस्थित दिसतंय, गाणं लावलं की हिरवी पट्टीही हलते पण स्पीकर मुके. नवीन ग्राफिक्स कार्ड टाकल्यापासून असं होतंय.

उत्तर : उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर स्वतःचं एचडीएमआय ऑडिओ सोबत आणतो आणि कधी कधी डीफॉल्ट होऊन बसतो, मग आवाज जातो मॉनिटरकडे आणि बऱ्याच मॉनिटरना स्पीकरच नसतात. विंडोज आणि आर एकत्र दाबून रनमध्ये एमएमएसवायएस.सीपीएल (mmsys.cpl) टाका, प्लेबॅक टॅबवर रिअलटेकवाले स्पीकर निवडून सेट डीफॉल्ट दाबा. झालं. नाहीच झालं तर मागची पिन हिरव्या जॅकमध्येच आहे ना बघा, गुलाबी माइकचा असतो.

प्रश्न : मागे हेडफोन लावला तर चालतो, कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावला तर नाही. ड्रायव्हर बदलून काही उपयोग होईल का?

उत्तर : ड्रायव्हर बदलून नाही, आतला प्लग किंवा ड्रायव्हरमधली सेटिंग बदलून होईल. कॅबिनेटच्या आतून येणाऱ्या वायरीला कधी कधी दोन प्लग असतात, एकावर एचडी ऑडिओ आणि दुसऱ्यावर एसी९७ (एचडी ऑडिओच्या आधीची जुनी पद्धत) लिहिलेलं. एसी९७ ला पिन घातल्याचं कळवणारी तारच नसते, त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं पुढे काही लावलेलंच नाही. पीसीची मेन वायर काढून कॅबिनेट उघडा आणि एचडी ऑडिओचा प्लग बोर्डावर बसवा. तो प्लगच नसेल तर रिअलटेकच्या पॅनेलमध्ये पुढच्या जॅकचं डिटेक्शन बंद करा, तेवढ्याने चालायला लागतं.

प्रश्न : जुन्या पीसीतलं साउंड कार्ड विंडोज ११ च्या मशिनला लावलंय, ड्रायव्हर लोड होऊ शकत नाही म्हणून मेसेज येतो.

उत्तर : विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण असतं, ते त्या जुन्या ड्रायव्हरला अडवत असणार. ते बंद केलं की कार्ड चालेलही, पण एका कार्डापायी सुरक्षा काढून टाकायची, मी नाही सांगणार. कार्ड बनवणाऱ्याने नवा ड्रायव्हर काढला नसेल तर साधं यूएसबी साउंड ॲडॉप्टर घ्या, त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो, लावलं की चालू.